तुझ्या डबल मार्करच्या रिपोर्टबद्दल

कोथरूड, पुणे

प्रिय अनघा,

तुझा डबल मार्करचा रिपोर्ट पाहिला. ही रक्त आणि सोनोग्राफीवरून बाळाला डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्त असल्याने बौद्धिक वाढ मंदावते) असण्याची शक्यता मोजणारी चाचणी. 'हाय रिस्क' वाचून पोटात गोळा येणारच. पण शेजारचा आकडा बघ: १:१४०. असेच आकडे आलेल्या १४० जणींपैकी १३९ जणींच्या बाळाला डाउन सिंड्रोम नसतो. धोका १:२५०पेक्षा जास्त आला की बऱ्याच लॅब हाच शिक्का मारतात.

जनुकीय समुपदेशनाला (आनुवंशिक आजारांबद्दलचा सल्ला) जाण्याआधी रिपोर्टचं पहिलं पान नीट तपास: वय, वजन, स्कॅनची तारीख, बाळाची लांबी, मधुमेह, आयव्हीएफ. यातलं काही चुकीचं भरलं असेल तर अख्खं गणित बिघडतं. स्कॅनच्या फिल्म्सही ने.

दोन्हीकडच्या तीन पिढ्यांची माहिती आईला आणि सासूबाईंना विचारून घे: वारंवार झालेले गर्भपात, लहानपणीच गेलेली किंवा उशिरा बोलू लागलेली मुलं. तू आणि प्रसाद, नवरा-बायको, आते-मामेभावंडं आहात, तेही सांग. त्याचा डाउनशी संबंध नाही, पण आईवडील दोघांकडून येणाऱ्या काही आजारांशी आहे.

पुढे बहुधा एनआयपीटी ही रक्तातल्या डीएनएची चाचणी सुचवतील. तुझ्या हातातून रक्त घेतात. त्यात बाळाचा म्हणून जो डीएनए तपासतात, तो खरं तर वारेतून (प्लॅसेंटातून) आलेला असतो. वार आणि बाळ यांच्या पेशी क्वचित वेगळ्या निघतात, म्हणून ही चाचणी उत्तम असली तरी ते निदान नव्हे. ती पॉझिटिव्ह आली तरी ॲम्निओ (सुईने गर्भजल काढून करायची तपासणी) झाल्याशिवाय काहीही ठरवू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. तुझी एनटी (स्कॅनमध्ये मोजलेली, बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी) ३.५ मिमीच्या वर असती, तर थेट सुईच्या तपासणीचाच विचार करावा लागला असता.

ॲम्निओ साधारण १६व्या आठवड्यात करतात. सोनोग्राफीवर बघत १५-२० मिली गर्भजल काढतात. अनुभवी हातांत गर्भपाताचा धोका हजारी पाचाहून कमी. तुझा रक्तगट निगेटिव्ह आहे, तेव्हा अँटी-डी इंजेक्शनची (बाळाच्या पॉझिटिव्ह रक्ताविरुद्ध तुझ्या शरीरात प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून देतात) आठवण कर. संमतीचा फॉर्म तुला समजणाऱ्या भाषेत हवा, त्याची प्रत मागून घे. झटपट अहवाल दोन-तीन दिवसांत येतो, पूर्ण कॅरिओटाइपला (सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीला) दोन-तीन आठवडे लागतात.

आज तुला १३ आठवडे झालेत, म्हणून तारखा आत्ताच मांडून ठेव. गर्भपाताचा विचार करायची वेळ आलीच, तर कायद्याने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं. बाळात गंभीर दोष असेल तर २४पर्यंत दोघांचं लागतं, त्यापुढे मेडिकल बोर्ड.

समुपदेशक निर्णय तुमच्यावर लादणार नाहीत. डाउन असलेल्या मुलांच्या पालकांशी बोलायचं असेल, तर तेही त्यांना विचार. प्रसादला बरोबर ने, प्रश्न कागदावर लिहून ने.

तुझीच,
विद्या