मैफिलीच्या आधीची सकाळ वायनरीला द्या

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

पुण्याच्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला जाताना वाटेत वायनरी, म्हणजे वाइनचा कारखाना, बघणाऱ्या बेळगावकरांवर एका ज्येष्ठ वाचकांनी आपल्या पत्रस्तंभातून कडक टीका केली आहे. 'गाणं ऐकायला जाता की प्यायला?' असा त्यांचा रोख आहे. त्यांचा राग मला समजतो. आमच्याही घरात माळकरी माणसं आहेत. पण आमच्या भिशीतल्या आम्ही काही जणी डिसेंबरात पुण्याला जातो, वाटेत वायनरी बघतो आणि पाचही दिवस पहिल्या कलाकारापासून भैरवीपर्यंत बसून ऐकतो. या दोन गोष्टींचं वैर नाही. मात्र त्या एकाच दिवशी करू नयेत. वायनरीला तिची स्वतंत्र सकाळ द्यावी, आणि ती सकाळ महोत्सव सुरू होण्याच्या आधीची असावी.

कारण सांगते. सवाईची बैठक पूर्वी रात्र-रात्र चालायची. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले, ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा पडली आणि मैफल दुपारकडे सरकली. आता बैठक दुपारी सुरू होते. त्यामुळे पुण्यात मुक्कामाला असलेल्यांना वाटतं की सकाळ मोकळीच आहे, पाटसजवळच्या रोटी गावी फोर सीझन्सची वायनरी बघून येऊ. जायला दीड-दोन तास, यायला तेवढेच, मधे बघणं, चाखणं, जेवण. परत येऊन मुकुंदनगरच्या मंडपात शिरेपर्यंत पहिला कलाकार संपलेला असतो, दुसऱ्याचा विलंबित ख्याल निम्मा झालेला असतो. पहिल्या सत्रात बहुधा नव्या उमेदीचा गायक किंवा वादक असतो. त्या मंचावर बसण्यासाठी त्याने कित्येक वर्षं वाट पाहिलेली असते. त्याच्यासमोर रिकाम्या खुर्च्या ठेवणं मला अजिबात पसंत नाही. आणि चार घोट पोटात गेल्यावर दुपारच्या मुलतानी रागात डोळा लागतोच. तेव्हा महोत्सवाच्या दिवसांत वायनरीचं नाव काढू नये.

महोत्सव संपल्यावर जावं, तर पाच दिवसांचा शीण अंगावर, घरी परतायची घाई, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचं ऑफिस तर कुणाच्या नातवंडांची शाळा. आधीचा दिवस सगळ्यांत चांगला. गेली काही वर्षं महोत्सव बुधवार ते रविवार असतो. म्हणजे आपण निघणार सोमवारी किंवा मंगळवारी. वायनऱ्यांत गर्दी असते ती शनिवार-रविवारी. मंगळवारी सकाळी गेलात तर दाखवणाऱ्या माणसाला तुमच्याशी बोलायला वेळ असतो, टाकीपाशी थांबून प्रश्न विचारता येतात. शनिवारी ते होत नाही.

आता रस्ता. बेळगावहून पुण्याला आपण डोळे झाकून महामार्ग धरतो: निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा. साधारण साडेतीनशे किलोमीटर. सोबत वायनरी बघायची असेल तर जाताना हा रस्ता सोडा. संकेश्वर, चिकोडी, अंकली, कागवाड, म्हैसाळ करत मिरजेला या आणि तिथून सोलापूरचा रस्ता धरून कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूरमार्गे अकलूज गाठा. लांब पडतं, एक मुक्काम वाढतो, पण आपल्याच उंबऱ्यापासून द्राक्षं सुरू होतात हे डोळ्यांनी दिसतं. अथणीकडे आपले किती पै-पाहुणे बाग करतात, बेदाणा टाकतात! मिरजेपुढे दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडवच मांडव. मिरजेत थोडं थांबावं. जी तंतुवाद्यं आपण पुण्यात ऐकणार ती इथल्या सतारमेकर गल्लीत बनतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांची समाधी इथल्याच दर्ग्याच्या आवारात आहे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, त्यांचे शिष्य भीमसेनजी गदगकडचे. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात हा महोत्सव उभा केला. आपल्याकडच्या माणसांनी पुण्याला दिलेली ही देणगी आहे. तिकडे जाताना मिरजेला नमस्कार करून जाण्यात मला फार समाधान वाटतं.

अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेल्ली वायनरी आहे. इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा तीन घरच्या भावांनी मिळून ती उभी केली. माळशिरसच्या त्या कोरड्या माळावर सांजोव्हेजे ही इटलीची काळी द्राक्षं वाढतात. आधी फोन करून वेळ ठरवावी लागते. न कळवता दारात उभं राहू नये. तिथून इंदापूर, भिगवणमार्गे पुणं. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, पण तो नाद लागला तर पुण्यात पोचायला मध्यरात्र होते. ज्यांना अकलूजचा फेरा नको त्यांनी महामार्गाने सातारा, मग फलटण, बारामती करत रोटीला जावं. ते पुण्याच्या वाटेवरच पडतं.

डिसेंबरात काय दिसेल, याची कल्पना असू द्यावी. कुणी म्हणतं, 'द्राक्षं खायला मिळतील.' मिळणार नाहीत. आपल्याकडे वेलीची छाटणी दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. डिसेंबरात मणी हिरवे, आंबट, टणक असतात. शिवाय ते धुक्याचे आणि दवाचे दिवस. केवडा आणि भुरी या द्राक्षांवरच्या रोगांच्या भीतीने फवारण्या चालू असतात. म्हणून विचारल्याशिवाय बागेत शिरू नये, मणी तोडून तोंडात टाकू नये. तोडणी जानेवारी ते मार्च. मग डिसेंबरात जायचं कशाला? तर आतलं बघायला. गाळपाची घाई नसते, गेल्या हंगामाची वाइन टाक्यांत आणि ओकच्या पिंपांत मुरत असते. पांढरी वाइन करताना रस लगेच सालीपासून वेगळा काढतात आणि थंड ठेवून सावकाश आंबवतात. तांबडीत साली रसातच राहतात, कारण रंग आणि तुरटपणा सालीतला. आपल्या खायच्या थॉमसन-सोनाकासारखी वाइनची द्राक्षं मोठी, पातळ सालीची आणि बिनबियांची नसतात. ती बारीक, जाड सालीची, बियांची. बागायतदाराच्या घरातल्या माणसाला हे ऐकताना जो आनंद होतो तो सांगून कळायचा नाही. आमच्यातल्या एका बागायतदारीणबाईंनी तिथल्या माणसाला पाण्याच्या पाळीपासून खोडकिडीपर्यंत इतके प्रश्न विचारले की चाखायच्या टेबलाशी पोचायलाच उशीर झाला.

चाखण्याबद्दल स्पष्ट बोलते, कारण टीका मुख्यतः त्यावरच आहे. पाच-सहा प्रकार देतात, प्रत्येकी साधारण तीस मिली. सहा झाले की १८० मिली होतात. बारा-तेरा टक्के अल्कोहोल धरलं तर बेताच्या अंगाच्या बाईच्या रक्तात कायद्याने ठरवलेली मर्यादा, म्हणजे १०० मिलीला ३० मिलिग्रॅम, तेवढ्यानेही ओलांडली जाऊ शकते. म्हणून टेबलावर थुंकण्याचं भांडं ठेवलेलं असतं. ते वापरण्यात लाज नाही, जाणकार तेच करतात. गाडी चालवणाऱ्याने ओठालाही लावू नये. पहिल्याच वेळी पकडलं गेल्यास दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समोरून येणाऱ्या उसाच्या ट्रॉल्या. डिसेंबरात कारखान्यांचा हंगाम जोरात असतो आणि माळशिरस-बारामतीच्या रस्त्यांवर अंधारात बिनदिव्याच्या ट्रॉल्या उभ्या असतात. आम्ही ड्रायव्हरसह गाडी करतो. तो खर्च आधी धरावा, हॉटेलचा नंतर. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वय किमान २१ लागतं, तेव्हा कॉलेजची पोरं बरोबर असतील तर हे घरूनच सांगून ठेवावं. चाखायच्या आधी पोटभर नाश्ता, पण तिखट मिसळ नको, जीभ बधिर होते. अत्तर, सेंट नको. गजराही त्या दोन तासांपुरता पर्समध्ये ठेवावा, मोगऱ्यापुढे वाइनचा वास कुणाला कळायचा!

एका दौऱ्यात एकच वायनरी बघावी. 'तीन वायनऱ्या, एक महोत्सव' असल्या याद्या मला पटत नाहीत. तिसरीत गेल्यावर पहिलीचं काही आठवत नाही.

पंढरपूर वाटेत येतं म्हणून पुष्कळांना अडचण वाटते. ज्यांच्या मनात किंतु असेल त्यांनी दर्शन आधी घ्यावं, पंढरीत मुक्काम करून दुसऱ्या सकाळी अकलूजला जावं. आम्ही तेच करतो.

तरुणांचा ओढा सवाईपेक्षा नाशिकच्या सुलाफेस्टकडे आहे, त्यांच्यासाठी थोडं. गंगापूर धरणाजवळच्या सुला वायनरीच्या द्राक्षमळ्यात हा संगीत महोत्सव २००८ मध्ये सुरू झाला, २०२० नंतर खंड पडला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तो पुन्हा भरला. तिथे वायनरी हाच मंडप, त्यामुळे त्या गर्दीत वायनरी म्हणून काही दिसत नाही. तिथेही हिशेब तोच. एक दिवस आधी जा आणि गंगावऱ्ह्याच्या बाजूला यॉर्क किंवा सोमा यांपैकी एक निवांत बघा. फेब्रुवारीत गाळप चालू असतं, म्हणजे आम्हाला डिसेंबरात जे दिसत नाही ते तुम्हाला दिसेल. गाडी हाकत नाशिकपर्यंत जाऊ नका रे बाबांनो. बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट मनमाडला जाते, तिथून नाशिक जवळ आहे.

येताना बाटल्यांचा मोह आवरावा. दारूवरचा कर प्रत्येक राज्याचा वेगळा, आणि तिकडच्या बाटलीवर ती महाराष्ट्रात विकण्यासाठी असल्याचं छापलेलं असतं. परवान्याशिवाय ती राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे आणणं म्हणजे अबकारीवाल्यांच्या तावडीत सापडणं. घेतलीच तर पुण्यात ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्याबरोबर उघडावी. घरी आणायला बेदाणा आहे, पंढरपूरचे चुरमुरे आहेत.

एक खंत मात्र आहे. कर्नाटकाने २००७ मध्ये द्राक्ष प्रक्रिया आणि वाइनचं धोरण आणलं, वाइन मंडळ नेमलं, आणि कृष्णा खोऱ्याचा हा पट्टा त्यात मानाने मोजला. तरी बेळगावच्या माणसाला द्राक्षापासून वाइनपर्यंतचा प्रवास बघायला अकलूज-नाशिकच गाठावं लागतं. अथणी-विजयपूर रस्त्यावर एखाद्या ठिकाणी बाग, बेदाणा शेड आणि वाइनच्या टाक्या एकत्र, नीट माहितीसह बघता येतील अशी सोय झाली, तर कुंदगोळला नाडगीर वाड्यात गाणं ऐकायला येणाऱ्या पुणेकरांनाही आपल्याकडे राहायला एक दिवस वाढवता येईल. मंडळाने आणि तिकडच्या बागायतदार संघांनी हे मनावर घ्यावं.

आपल्याकडून एवढीच अपेक्षा की सवाईच्या तारखा जाहीर झाल्या की आपण त्या छापताच, त्याच बातमीशेजारी वाटेवरच्या वायनऱ्यांच्या भेटीच्या वेळा आणि आगाऊ नोंदणीची पद्धत छापावी, नोव्हेंबर उजाडायच्या आत. गाड्यांची आरक्षणं तेव्हाच भरत असतात.

आपली,
एक संगीतप्रेमी वाचक
शहापूर, बेळगाव