गिटार ‘लवकरच’ येणार, म्हणजे नक्की कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेपरात अधूनमधून लिलावात विकल्या गेलेल्या गिटारींच्या बातम्या येतात, कुठल्यातरी रॉकस्टारची गिटार, तिच्यावर लागलेली बोली, डोळे फिरवणारा आकडा आणि सोबत काचेच्या पेटीतला फोटो. मीही आवडीने वाचतो, नाही असं नाही. पण गिटारच्या दुनियेतली खरी गर्दी तिथे नाहीये हो, ती आहे आमच्यासारख्यांची, ज्यांनी स्वस्तातली एक इलेक्ट्रिक गिटार बुक केलीय आणि महिनोन्‌महिने मेल उघडून बघतायत. आमच्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. पत्र लांबलं तर कापा, फक्त डावखुऱ्यांचा भाग तेवढा ठेवा.

तर झालं असं की अकरा महिन्यांपूर्वी एका कंपनीने (नाव देत नाही, माझी गिटार अजून त्यांच्याच हातात आहे, उगाच कशाला) एक लिमिटेड रन, म्हणजे मोजक्याच गिटारींची खेप, जाहीर केला. ऑफसेट बॉडी, म्हणजे १९५८ साली फेंडरने जॅझमास्टर काढली तेव्हापासूनचा तो कंबरेत तिरपा सरकवल्यासारखा आकार, त्यावर दोन पी-९० पिकअप (पिकअप म्हणजे तारांची थरथर पकडून अ‍ॅम्पकडे पाठवणारा भाग), फिकट समुद्री हिरवा रंग आणि हेडस्टॉकही, म्हणजे मानेचं टोकही, त्याच रंगाचा. पी-९० म्हणजे १९४६ पासून चालत आलेलं गिब्सनचं पिकअप, थोडी गुणगुण करतं पण जोरात वाजवलं की असं काही खरखरतं की हंबकरवाल्यांनी, म्हणजे ती गुणगुण मारणारी पिकअप वापरणाऱ्यांनी, गप्प बसावं. हे सगळं माझ्या खिशाला परवडेल अशा किमतीत. आणि मुख्य म्हणजे तीच गिटार डाव्या हातासाठीसुद्धा! मी डावखुरा आहे, त्यामुळे ते वाचल्यावर विचारबिचार काही केला नाही, त्याच रात्री पूर्ण पैसे भरून मोकळा झालो. तेव्हा लिहिलं होतं सहा आठवडे.

डावखुरा नसलेल्या माणसाला यात एवढं काय ते कळणार नाही म्हणून सांगतो. जगात दहातला साधारण एक माणूस डावखुरा, पण गिटारच्या दुकानात भिंतीवर टांगलेल्या शंभर गिटारींत डाव्या हाताच्या दहा असतात का? एखादी असते, तीही काळ्या रंगाची. का कोण जाणे, कंपन्यांना वाटतं डावखुऱ्यांना एकच रंग दिसतो. दुकानात जाऊन हातात घेऊन बघणं, मान जाड आहे का बारीक आहे ते चाचपणं, हे सुख आम्हाला जवळपास माहीतच नाही, आम्ही फोटो बघून लग्न ठरवल्यासारखी गिटार घेतो.

लोक म्हणतात मग उजव्या हाताची उलटी धर की, हेंड्रिक्सने नाही का केलं. केलं ना. जिमी हेंड्रिक्स उजव्या हाताची स्ट्रॅट (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार) उलटी करून, तारा पुन्हा आपल्या क्रमाने लावून वाजवायचा. ब्लूजवाला अल्बर्ट किंग तर त्याच्याही पुढे, तो तारासुद्धा बदलायचा नाही, बारीक तारा वर आणि जाड खाली, तशीच. पण अहो, ते हेंड्रिक्स आणि अल्बर्ट किंग होते. मी रात्री हेडफोन लावून तीन कॉर्ड वाजवणारा माणूस आहे, मला व्हॉल्यूमचा नॉब कोपराखाली आला की गाण्याच्या मध्येच आवाज गायब होतो.

आणि डाव्या हाताची गिटार म्हणजे नुसती आरशातली गिटार, असंही नाही. नटमधल्या (मानेच्या टोकाशी तारा ज्यात बसतात त्या पट्टीतल्या) खाचा तारांच्या जाडीप्रमाणे उलट्या कापाव्या लागतात, मानेच्या कडेवरचे ते बारीक ठिपके दुसऱ्या कडेला बसवावे लागतात, नाहीतर वाजवणाऱ्याला दिसतच नाहीत, पिकगार्ड वेगळा, बॉडी कापायचा मशीनचा प्रोग्रॅम वेगळा. स्वस्त गिटारींत तर अजून एक गंमत करतात, आत उजव्या हाताचेच पॉट (नॉबखालचा आवाज कमी-जास्त करणारा भाग) उलटे जोडून देतात, मग आवाज कमी करायला नॉब फिरवला तर आधी काहीच होत नाही आणि शेवटच्या चिमूटभर अंतरात सगळा आवाज एकदम गायब होतो. माझ्या पहिल्या गिटारचं तसंच होतं, मला कित्येक वर्षं वाटायचं आपलाच हात खराब आहे.

असो. तर सहा आठवडे झाले, मेल आला की अजून आठ आठवडे. मग "या तिमाहीच्या शेवटी". मग "पुढच्या तिमाहीत". मग मधे तारीखच नाहीशी झाली आणि तिच्या जागी फक्त "लवकरच" आलं. आता तर ऑर्डरच्या पानावर हिरव्या अक्षरात बॅकऑर्डर (म्हणजे माल आला की पाठवू) लिहिलेलं असतं, हिरव्या अक्षरात, जणू काही चांगली बातमी आहे.

उशीर का होतो ते मला कळत नाही असं समजू नका. या अकरा महिन्यांत दुसरं काम काय होतं, सगळं वाचून काढलंय. परवडणाऱ्या गिटारी बऱ्याचशा इंडोनेशिया, चीन अशा ठिकाणच्या मोठ्या कंत्राटी कारखान्यांत बनतात, एकाच छपराखाली वेगवेगळ्या ब्रँडचं काम चालतं. कंपनीला तिथे आपली पाळी मिळते, त्या पाळीत एक मॉडेल सलग कापायचं, एक रंग सलग मारायचा, कारण दर गिटारीला रंग बदलत बसलं तर स्वस्तात देणं जमणारच नाही. आता ज्या मॉडेलवर नफा कमी आणि नग कमी, त्याची पाळी ढकलायला सगळ्यात सोपी. त्यात डाव्या हाताचे नग तर बोटावर मोजण्याइतके, त्यांच्यासाठी मशीन वेगळं लावायचं, मग ते आपले सगळ्यात शेवटी. त्यानंतर कंटेनर भरेपर्यंत थांबायचं, मग बोट, मग कस्टम्स, मग गोडाऊनमध्ये खोकी उघडून तपासणी. एका टप्प्यावर एक आठवडा घसरला की पुढच्या टप्प्याची गाडी चुकते आणि त्या एका आठवड्याचा महिना होतो.

लाकडाचंही आहेच. ते नीट वाळलं नाही आणि घाईने मान बनवली तर कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं कडेने बाहेर येतात, हाताला करवतीसारखी लागतात. म्हणून लाकडाने जी वाट बघायची ती खुशाल बघावी, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, उलट अजून महिनाभर वाळवा म्हणेन. शिवाय गेल्या काही वर्षांत गिटारवाल्यांना खरेच धक्के बसलेत. २ जानेवारी २०१७ पासून साइट्स करारामुळे (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) रोझवूडच्या सगळ्या जातींना कागदपत्रं लागायला लागली, कंपन्यांनी घाईघाईने फिंगरबोर्डला (मानेवर बोटं दाबायची ती पट्टी) रोझवूडऐवजी पाउ फेरो नाहीतर लॉरेल लाकूड वापरायला सुरुवात केली, तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती थेट नोव्हेंबर २०१९ मध्ये. २०२० मध्ये फेंडरने सांगितलं की अ‍ॅश लाकूड आता आम्ही मोजक्याच गिटारींना वापरणार, त्या झाडांना पोखरणारी कीड आणि नदीकाठचे पूर, दोन्ही एकदम. त्याच वर्षी सगळं जग घरात बसलं आणि निम्म्या जगाला गिटार शिकायची हुक्की आली. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ते अवाढव्य जहाज सहा दिवस आडवं अडकलं. हे सगळं खरं आहे, मी मान्य करतो. पण प्रत्येक संकट संपून गेल्यावरही त्याचं नाव पुढची काही वर्षं मेलमध्ये वापरायचं, याला काही मर्यादा?

आणि मर्यादेवरूनच मूळ मुद्दा. मला शेवटचा जो मेल आला त्यात लिहिलंय, "जोरदार मागणीमुळे या लिमिटेड मॉडेलला उशीर होत आहे". हे वाक्य मी चार वेळा वाचलं. अहो लिमिटेड म्हणजे मोजलेलं ना? मोजलेलं असेल तर आकडा तुम्हाला माहीतच असणार. समजा तीनशे बनवायच्या आहेत, तर तीनशे ऑर्डर आल्या की दुकान बंद करा, तीनशेएकाव्या माणसाला सांगा बाबा संपल्या, तो बिचारा दोन दिवस हळहळेल आणि दुसरी गिटार बघेल. मागणी जोरदार आहे म्हणून ऑर्डर घेतच राहायच्या आणि वर लिमिटेडही म्हणत राहायचं, या दोन गोष्टी एका वाक्यात बसतात कशा? आमच्यापैकी कितीजण मोजणीच्या आत आहेत आणि कितीजण बाहेर, हे कंपनी सांगत नाही. मी तीन वेळा विचारलं. एकदा उत्तर आलं की तुमच्या संयमाबद्दल आभारी आहोत, दुसऱ्यांदा कूपन आलं (गिटारच्या तारांवर सवलत! गिटार कुठाय?), तिसऱ्यांदा काहीच नाही.

गंमत म्हणजे ज्या गिटारींच्या लिलावाच्या बातम्या येतात, त्यांतल्या कित्येकींना कोणी लिमिटेड म्हटलंच नव्हतं. १९५८ ते १९६० मधल्या गिब्सनच्या सनबर्स्ट लेस पॉल घ्या, तीन वर्षांत दोन हजारांच्या आत बनल्या, का, तर खपत नव्हत्या. १९५८ च्या फ्लाइंग व्ही सुरुवातीला शंभराच्या आसपास गेल्या, एक्सप्लोरर तर त्याहून कमी, कारण तो आकार बघून लोक हसायचे. कमी पडल्या त्या कोणाला नको होत्या म्हणून, दुर्मीळ झाल्या नंतर. आता उलटं झालंय, गिटार बनायच्या आधीच ती दुर्मीळ असते. आणि त्यामुळे काय होतं तर ज्यांना वाजवायचीच नाहीये असे लोक पहिल्या तासात दोन-दोन बुक करतात, आणि मिळाली की आठवड्यात वापरलेल्या गिटारींच्या साइटवर दीडपट किमतीला टाकतात, "खोकं उघडलेलं नाही" अशी फुशारकी मारत. स्वस्त गिटारचा अर्थच जातो की मग. माझ्याच मॉडेलच्या उजव्या हाताच्या दोन तशा दिसल्या मला परवा. म्हणजे माल आलाय! उजव्यांचा आलाय.

माझं मागणं फार मोठं नाही. ऑर्डर घेताना सांगा एकूण नग किती, त्यात डाव्या हाताचे किती, आणि माझा नंबर कितवा. तारीख नका देऊ, ती तुम्हालाही माहीत नसते हे आता मला कळलंय. नंबर द्या. अठ्ठावीस असेल तर अठ्ठावीस, पुढच्या खेपेत तो सतरा झाला की माणूस आपोआप शांत होतो, दवाखान्यात बसतो तसा बसून राहतो. आणि माल कारखान्यातून निघेपर्यंत पूर्ण पैसे घेऊ नका, थोडे घ्या, माणूस पळून जाऊ नये एवढे. काही छोटे गिटार बनवणारे हे करतात, आगाऊ थोडी रक्कम आणि वहीत नंबर, त्यांच्याकडे दोन-दोन वर्षं थांबणारे लोक मी पाहिलेत आणि ते माझ्याइतकी कटकट करत नाहीत.

मधल्या काळात मी पट्टा घेतला, केबल घेतली, तारांचे दोन सेट घेतले (ते कूपन वापरलं, हो, वापरलं), आणि भिंतीजवळ एक स्टँड आणून ठेवला. स्टँडवर सुरुवातीला काही दिवस काही नव्हतं. मग कोणीतरी त्यावर छत्री अडकवली. मग पिशवी. आता घरात त्याला पिशवीचा स्टँड म्हणतात आणि मी काही बोललो तर "गिटार आली की काढू" असं सगळे एका सुरात सांगतात. जुनी गिटार आहे, वाजवतो, उलट्या पॉटसकट.

ऑर्डर रद्द का करत नाही असं तुम्ही विचाराल. दोनदा त्या बटणापर्यंत गेलो. पण रद्द केली आणि दुसऱ्या आठवड्यात खेप आली तर? डाव्या हाताची, हिरवी, पी-९० वाली परत कोण काढणार? हेच त्यांनाही माहीत आहे, दुखणं तेच आहे.

तेव्हा एक विनंती, हे पत्र छापाच, कारण कंपनी वाचणार नाही पण तुमच्या वाचकांत कोणी डावखुरे असतील आणि त्यांनी हीच गिटार माझ्या आधी बुक केली असेल, तर कृपया जरा विचार करा. काळ्या रंगातही एक आहे, ती लगेच मिळते म्हणे. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी ती घेतली तर माझा नंबर, जो काही असेल तो, वर सरकेल.

आपला,
एक डावखुरा वाचक