लांब बार इंजिनाला झेपेल का?

संपादक महोदय,

चेनसॉचा (यांत्रिक साखळी-करवतीचा) बार, म्हणजे जिच्या कडेने चेन फिरते ती पट्टी, जितका लांब तितका चांगला, हा समज सोडायला हवा. सुमारे ५० सीसीचे इंजिन १६ ते १८ इंची बार सहज पेलते. त्यावर २४ इंची बार चढवून तो पूर्ण लाकडात घातला, की इंजिनाचे फेरे उतरतात, क्लच घसरून तापतो आणि टोकापर्यंत तेल पुरत नाही. चेनचा पिच (कड्यांमधले अंतर) स्प्रॉकेटशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाशी) आणि आतल्या कड्यांची जाडी बारच्या खाचेशी जुळलीच पाहिजे. इथे ‘चालून जाईल’ चालत नाही. टोकदार कोपऱ्याचे दाते स्वच्छ लाकूड झपाट्याने कापतात, पण मातीने माखलेल्या ओंडक्यावर लवकर बोथटतात आणि पिठासारखा भुसा पडू लागतो. तिथे गोलसर कोपऱ्याचेच बरे. विक्रेत्यांनी पुस्तिकेतील बार-चेनचा तक्ता दाखवूनच विक्री करावी.

– एक वाचक