मंगलला पत्र : एक तांब्या पाण्याची वाट

सोलापूर,
१२ मार्च

प्रिय मंगल,

परवा फोनवर तू म्हणालीस, "सकाळी निघताना दोन घोट पाणी पिते, ते डायरेक्ट संध्याकाळी घरी आल्यावर. मधे प्यायलं की लगेच खाली उतरतं, आणि शाळेत लघवीला जायची सोय कुठंय?" पुढे तू भाच्याच्या साखरपुड्याचं सांगत होतीस, पण माझं मन त्या वाक्यातच अडकून बसलं. त्यात या वर्षात तिसऱ्यांदा उन्हाळी, ती लघवीची जळजळ, लागलीय म्हणालीस. धने-जिऱ्याचं पाणी घेतेस, चार दिवस बरं वाटतं, परत तेच. फोनवर सांगायला गेले असते तर रागावले असते, म्हणून रात्रपाळी संपवून आले आणि लिहायला बसले.

"लगेच खाली उतरतं" हे माझी आईही म्हणायची. पोटातून लघवीच्या पिशवीत जाणारी एखादी सरळ नळी असावी, असं आपल्याला वाटतं. तशी नळीच नाही गं. तू प्यायलेला प्रत्येक घोट आधी रक्त होतो, काळजातून, फुफ्फुसातून फिरतो, तेव्हा कुठे मूत्रपिंडाच्या दारात पोचतो.

चौथीत डब्याच्या सुट्टीत तुला ठसका लागला होता, आठवतंय? कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि तोंडानं अखंड बडबड. डोळे पांढरे झाले, नाकातून पाणी आलं, बाईंनी पाठीत धपाटे घातले. घशात दोन वाटा आहेत. पुढची श्वासनलिका, तिच्यामागे अन्ननलिका. आपण गिळतो तेव्हा एक पडदा श्वासनलिकेच्या तोंडावर झाकणासारखा पडतो आणि तेवढा क्षणभर श्वास थांबतो. बोलायला श्वास लागतो, म्हणून बोलता बोलता गिळलं की झाकण चुकतं. कण भलतीकडे गेला की शरीर खोकून खोकून तो बाहेर फेकतं.

अन्ननलिका वीतभरापेक्षा थोडी जास्त, साधारण २५ सेंटिमीटर. तिथून पाणी जठरात येतं. भाकरी तिथं तासन्‌तास घुसळली जाते, आम्लात भिजते. रिकाम्या पोटी नुसतं पाणी मात्र फार वेळ थांबत नाही, लहान आतड्यात उतरतं. खरं शोषण होतं ते इथं. आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते, बोटांसारख्या लाखो बारीक उंचवट्यांनी भरलेली. आणि आतड्यात काही आपण प्यायलेलंच पाणी येत नाही. लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा रस असं सगळं धरून दिवसाला आठ-नऊ लिटर पाणी तिथून जातं. त्यातलं जवळपास सगळं परत रक्तात घेतलं जातं. शौचावाटे जातं ते जेमतेम कपभर.

पाणी आतड्याच्या भिंतीतून आपलं आपण शिरत नाही. साखरेचा हात धरून मीठ आत जातं आणि मिठामागोमाग पाणी. एवढ्या एका गोष्टीवर किती जीव वाचले! १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची साथ पसरली होती. पश्चिम बंगालमधल्या बनगावला सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी ड्रमात कालवून नातेवाइकांच्या हातात दिलं, पाजत राहा म्हणून सांगितलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तीसवरून चारच्याही खाली आलं. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तुझ्या शाळेत एखाद्या पोराला जुलाब लागले तर लक्षात ठेव : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ वाढवायचं नाही.

आतड्यातून रक्तात आलेलं पाणी यकृतातून हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून फुफ्फुसात. तिथं कोट्यवधी बारीक फुगे आहेत. त्यांची भिंत इतकी पातळ की एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला रक्त, आणि मधून प्राणवायू आत, कार्बन डायऑक्साइड बाहेर. उच्छ्वासाबरोबर थोडं पाणीही वाफ होऊन जातं. आरशावर हा करून फुंकर मारली की धुकं धरतं, ते हेच. दिवसाला तीन-चारशे मिलिलिटर पाणी असं नुसत्या श्वासातून जातं, घाम वेगळाच. मार्चपासून पत्र्याखाली उभं राहून तू सहा तास शिकवतेस, आणि त्या सगळ्या वेळात पोटात पाण्याचा थेंब नाही.

पाणी आणि फुफ्फुसाचं नातं मी आमच्या डायलिसिसच्या, म्हणजे मूत्रपिंड निकामी झालेल्यांचं रक्त मशीनवर गाळायच्या, वॉर्डात रोज बघते. एखाद्या पेशंटचं एक डायलिसिस चुकतं, चार दिवस जातात, लघवी तर होतच नाही. प्यायलेलं पाणी जाणार कुठे? आधी पायावर सूज, मग ते फुफ्फुसात साठतं. मग तो माणूस पाठ टेकू शकत नाही, रात्रभर भिंतीला टेकून बसतो. मशीनवर घेऊन दोन-तीन लिटर पाणी काढलं की तोच माणूस आडवा होऊन झोपी जातो. त्याच्या बायकोचा चेहरा तेव्हा बघवत नाही, इतका थकलेला आणि इतका निवांत असतो.

आता मूत्रपिंडं. पोटात नव्हे, पाठीच्या बाजूला, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला असतात. उजवं किंचित खाली, कारण वर यकृताचा पसारा. मुठीएवढं एकेक, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा या दोघांकडे येतो. प्रत्येकात सुमारे दहा लाख बारीक गाळण्या. त्यांतून दिवसाला १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं, साखर-मिठासकट, मोजून मापून परत रक्तात घेतलं जातं. आमचं मशीन आठवड्यातून तीनदा, चार-चार तास चालतं, तरी याची बरोबरी होत नाही. शिवाय रक्त वाढवायचा निरोप हाडांना मूत्रपिंडच देतं, म्हणून आमच्या पेशंटना त्याचंही इंजेक्शन द्यावं लागतं.

पाणी कमी पडलं की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडाला सांगतं, धरून ठेव. मग लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. तुझी दुपारनंतर तशीच होत असणार. तिथून २५-३० सेंटिमीटरच्या दोन बारीक वाहिन्यांतून ती थेंबाथेंबानं पिशवीत उतरते. घट्ट लघवीत क्षार साचून मूतखडा झाला आणि तो या वाहिनीत अडकला, की कुशीपासून जांघेपर्यंत कळ येते. बाळंतपण सोसलेल्या बायका मला म्हणाल्यात, त्यापेक्षा हे वाईट.

आता तुझं "लगेच". प्यायलेल्या पाण्याची लघवी व्हायला अर्धा-पाऊण तास तरी लागतो. पाच मिनिटांत जावंसं वाटतं ती आधीचीच साठलेली असते. निरोगी पिशवीत चारशे-पाचशे मिलिलिटर मावतात. तुझ्या पिशवीला मात्र जंतूंनी सूज आणलीय, म्हणून ती दोन चमच्यांनाही हाक मारते. पाणी पिऊन तुला लागत नाहीये मंगे, पाणी न पिऊन लागतंय.

बाईमाणसाचा लघवीचा मार्ग अवघा चार सेंटिमीटरचा, पुरुषाचा त्याच्या पाचपट. मोठ्या आतड्यात सुखानं राहणारे जंतू जवळच्या जवळ तिथवर पोचतात आणि वर चढतात. त्यांना खाली ढकलणारी एकच गोष्ट, वाहती लघवी. २०१८ साली एक अभ्यास छापून आला होता : सारखी उन्हाळी लागणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० बायका. त्यातल्या निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला लावलं. वर्षभरात त्यांचा त्रास बाकीच्यांच्या निम्म्यावर आला. जंतू वाहिनीतून मूत्रपिंडापर्यंत चढले की थंडी वाजून ताप येतो, कुशीत दुखतं. तसं काही झालं तर एक रात्रही थांबू नकोस.

आणि पाठ दुखली की मेडिकलमधून आणतेस ती गोळी बंद कर. पाणी कमी असताना मूत्रपिंडाकडे रक्त नेणारी वाट शरीर कशीबशी उघडी ठेवतं, आणि या वेदनाशामक गोळ्या नेमकी तीच आवळतात. वर्षानुवर्षं त्या खाऊन आमच्याकडे आलेली माणसं मी बघते. तुला मी त्या खाटेवर बघणार नाही.

राहिला शाळेचा प्रश्न. कडी नसलेलं दार, आत पाणी नाही, आणि तुम्ही दोघी बाई शिक्षिका सहा तास धरून बसता. तुमच्या सातवीच्या मुलीही तेच करत असणार, त्या सांगत नाहीत एवढंच. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह सांगितलेलं आहे, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी अर्जाचा मसुदा करून सोबत ठेवलाय. शाळा व्यवस्थापन समितीत वाच आणि एक प्रत ग्रामपंचायतीला दे. कडी, नळ आणि बादली एवढंच मागितलंय. गावातल्या आयांच्या सह्या घे, त्या देतील.

शनिवारी तुझी सकाळची शाळा असते, दुपारच्या एसटीनं ये. लघवीचं कल्चर म्हणजे जंतूंची तपासणी, मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारी रक्तातली क्रिएटिनिनची तपासणी आणि सोनोग्राफी एकाच दिवसात उरकू. सोनोग्राफीला पिशवी भरलेली लागते, तेव्हा स्टँडवर उतरलीस की पाणी प्यायला लाग. मी घरून तांब्याभर वाळ्याचं पाणी घेऊन तिथं उभी असेन. आमच्या मजल्यावरचं बाथरूम स्वच्छ आहे, कडीही लागते.

तुझीच,
शैला