जमीन झाकणाऱ्या गुलाबांची पूर्वतयारी

मा. संपादक, स. न. वि. वि.

घरच्या बागेविषयीच्या लेखनात जमिनीलगत पसरणाऱ्या गुलाबांची शिफारस अलीकडे ‘एकदा लावा आणि निश्चिंत व्हा’ अशा शब्दांत होऊ लागली आहे. छाटणीपुरते ते बरेचसे खरे आहे. तणांच्या बाबतीत मात्र या शिफारशीने वाचकांची दिशाभूल होते.

हे गुलाब तण दाबतात ते फांद्यांची दाट जाळी झाल्यावर, आणि तिला बहुधा दोन हंगाम लागतात. तोवर मधल्या उघड्या मातीत तण उगवतच राहते. हरळीच्या मुळ्या किंवा लव्हाळ्याचे कंद जमिनीत राहिले असतील, तर पुढे काट्यांच्या जाळीत हात घालून ते उपटणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून लागवडीआधी वाफा खोल खणून मुळ्या व कंद वेचून काढणे, आणि लागवडीनंतर रोपांच्या बुंध्याला न टेकवता दोन-तीन इंच जाडीचे पालापाचोळ्याचे आच्छादन देणे, ही दोन कामे टाळता येत नाहीत. तणरोधक कापड अंथरण्याचा सल्ला मला पटत नाही. या गटातील अनेक वाणांच्या वंशात पूर्व आशियातील ‘रोझा विचुराना’ ही सरपटणारी जात आहे. तिच्या फांद्या ओल्या मातीला टेकतात तेथे मुळे धरतात आणि त्यामुळेच उताराची माती बांधली जाते. कापडाने नेमका हाच गुण वाया जातो.

रोप घेताना ते स्वतःच्या मुळांवरचे आहे की खुंटावर, म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या मुळांवर, डोळा भरून कलम केलेले, हे विचारावे. डोळा भरलेल्या झाडाच्या खुंटाला फुटवे आले, तर पसाऱ्याखाली ते दिसतही नाहीत आणि काढताही येत नाहीत. उभ्या गुलाबात ही अडचण किरकोळ असते, येथे ती मोठी ठरते.

ऊन दिवसाला सहा तास तरी हवे आणि पाण्याचा निचरा चांगला हवा. पाणी सकाळी बुंध्याशी द्यावे. पाने तासन्‌तास ओली राहिली की काळ्या ठिपक्यांचा रोग बळावतो आणि दाट पसाऱ्यात हवा कमी खेळत असल्याने तो लवकर आटोक्यात येत नाही.

छाटणीत सर्व वाण एका मापाने मोजू नयेत. १९३२ सालचा ‘द फेअरी’ हंगामभर पुन्हा पुन्हा फुलतो, त्यामुळे नवी वाढ सुरू होण्याच्या सुमारास तो एक तृतीयांश कापला तरी चालतो. १९१९ सालचा ‘मॅक्स ग्राफ’ आणि १९६८ सालचा जपानी ‘नोझोमी’ हे मात्र वर्षातून एकदाच, जुन्या फांद्यांवर फुलतात. त्यांची छाटणी बहर ओसरल्यावरच करावी, नाहीतर त्या वर्षीचा बहर हातचा जातो.

रोपवाटिकांच्या चिठ्ठीवर फुलाचा रंग ठळक छापलेला असतो. पूर्ण वाढीचा पसारा किती, मुळे कोणती आणि बहर एकदाच की वारंवार, हेही तेथे छापावे असा आग्रह आपल्या पत्राने धरावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक