डेक लिफ्टच्या सर्व्हिसिंगबाबत तक्रार: न बदललेल्या बुशचे बिल आणि तिरका डेक

प्रति,
व्यवस्थापक, सर्व्हिस विभाग

महोदय,

आमच्या क्रीडासंकुलातील 60 इंची झिरो-टर्न (जागेवर वळणाऱ्या) गवत कापण्याच्या मॉवरची डेक लिफ्ट, म्हणजे पात्यांचे कवच (डेक) वर-खाली करणारी यंत्रणा, आपल्या मेकॅनिकने नुकतीच सर्व्हिस केली. जॉब कार्डवर ‘बेल क्रँक बुश 4 नग बदलले, ग्रीसिंग केले, डेक लेव्हल केला’ अशी नोंद आहे आणि बिलही तसेच लावले आहे. प्रत्यक्षात बुश, म्हणजे डेक उचलणाऱ्या कोनी दांड्यांच्या (बेल क्रँक) पिनांभोवतीच्या नळ्या, जुनेच आहेत.

मागच्या उजव्या बेल क्रँकचा बुश एका अंगाला झिजून लंबगोल झाला आहे आणि पिनवर नखाला लागेल असा खाचा पडला आहे. कारण उघड आहे. तिथल्या ग्रीस निपलचे (ग्रीस भरण्याच्या तोटीचे) तोंड सुकलेल्या ग्रीसने बुजले आहे. गन लावली की ग्रीस बाहेरच सांडते, पिनपर्यंत जातच नाही. बुश बदलण्याऐवजी डेक ज्या चार साखळ्यांना टांगलेला असतो, त्यांतल्या तिथल्या साखळीचा ॲडजस्टिंग नट आवळून झीज झाकली गेली. त्यामुळे डेकचे वजन दोनच साखळ्यांवर आले असून मागची डावी साखळी बोटाने हलते. चारही ताणलेल्या हव्यात.

लेव्हलिंगही गवतावर, उजव्या मागच्या टायरमध्ये हवा कमी असताना केले. हवा सारखी करून, काँक्रीटवर, कापणीची उंची 75 मि.मी.च्या खाचेत ठेवून मोजल्यावर पात्याचे टोक जमिनीपासून डावीकडे 70 आणि उजवीकडे 81 मि.मी. भरले. फरक 3 मि.मी.च्या आत हवा. मैदानावर डावीकडचे गवत सोलले जाते आणि प्रत्येक फेरीला पायरी दिसते. पावसाळ्यात अशा सोललेल्या पट्ट्यांत आधी तण शिरते.

सर्वांत गंभीर बाब वेगळीच आहे. डेक उचलणाऱ्या पेडलच्या लिंकमध्ये (जोडदांड्यात) स्प्लिट पिनऐवजी (टोके दुमडून अडकवायच्या पिनेऐवजी) बांधकामाची तार पिळून घातली आहे. ती तुटली तर वर उचललेला डेक धाडकन खाली येईल. पाती साफ करणाऱ्याचा हात त्याच वेळी खाली असू शकतो. म्हणून आम्ही मशीन बंद ठेवले आहे.

आता काम पुन्हा, विनामूल्य आणि आमच्या माणसासमोर व्हावे. डेकखाली लाकडी ठोकळे द्यावेत, असिस्ट स्प्रिंगचा (डेक उचलायला मदत करणाऱ्या स्प्रिंगचा) ताण आधी सोडवावा, मगच पिना काढाव्यात. चारही बुश पिनांसकट बदलावेत. खाचा पडलेल्या पिनवर नवा बुश टिकत नाही. निपल नवे बसवून कडेने स्वच्छ ग्रीस दिसेपर्यंत ग्रीस भरावे. स्प्लिट पिना आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे नट) जुने वापरू नयेत. आधी डावी-उजवी बाजू, मग पुढची टोके मागच्यापेक्षा 3 ते 6 मि.मी. खाली, असे लेव्हल करून पुन्हा डावे-उजवे तपासावे; एक हलवले की दुसरे हलतेच. डेक चार-पाच वेळा वर-खाली करून शेवटची मापे जॉब कार्डवर लिहावीत.

काढलेले सुटे भाग आमच्या ताब्यात द्यावेत आणि न बसवलेल्या 4 बुशची रक्कम परत करावी. आठ दिवसांत भेटीची तारीख लेखी कळवावी.

आपला विश्वासू,
मैदान देखभाल विभाग प्रमुख

सोबत: जॉब कार्ड व बिलाची प्रत, बुश, पिन आणि तारेची छायाचित्रे