साडेअठ्ठावीस तासांचा दिवस

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

काल फोनवर 'पोचले, सामान मिळालं' एवढंच बोलले. तेव्हा इथे मँचेस्टरला संध्याकाळचे साडेसात आणि वेंगुर्ल्यात रात्रीचे बारा. बाबा जागे असणार हे ठाऊकच होतं, पण आई, तूसुद्धा? तुम्हालाही इकडे यायचंय, म्हणून आता सगळं सविस्तर लिहिते. बाबांनी हवं तर अ‍ॅटलास घेऊन बसावं.

कोकणकन्येने पहाटे ठाण्याला उतरले, तिथून टॅक्सीने विमानतळ. गाडी वेळेवर होती. खरी गंमत झाली काउंटरवर. तिथे एक फलक असतो, बॅगेत काय चालत नाही त्याचा. लायटर, फटाके, आणि त्यांच्याच पंगतीला सुकं खोबरं! त्यात तेल फार, उष्णतेने आपसूक पेट घेऊ शकतं म्हणून. मुलीने विचारलं, "खोबरं आहे का?" मी छातीठोकपणे "नाही" म्हटलं. बॅग भरली २५ किलो ९००, मुभा २५ची. काहीतरी काढावं म्हणून उघडली, तर मालवणी मसाल्याच्या पिशवीखाली तुझ्या जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेल्या नऊ वाट्या. आई! त्या मुलीने नुसतं माझ्याकडे पाहिलं. वाट्या काढल्यावर वजन मात्र बरोबर बसलं. कचऱ्यात टाकायला हात होईना, तिथे झाडणाऱ्या मावशी म्हणाल्या, "टाकू नको गो, माझ्याकडे दे." बोलण्यावरून आपल्याकडच्याच वाटल्या. विचारायचं राहून गेलं.

दोहापर्यंत पावणेचार तास. खिडकी मिळाली होती. आधी बराच वेळ खाली आपलाच अरबी समुद्र, मग एकदम तपकिरी, उघडेबोडके डोंगर, थेट पाण्यात उतरलेले. समोरच्या पडद्यावरच्या नकाशात होर्मुझची सामुद्रधुनी दिसली तेव्हा तुमची आठवण झाली, बाबा. दहावीच्या वर्गाला तुम्ही फळ्यावर काढून दाखवायचात ती. किनारा आहे आणि एक माड नाही, हे बघायला विचित्रच वाटतं.

दोहात घड्याळ अडीच तास मागे, मँचेस्टरला आणखी दोन. म्हणजे कालची तारीख मला साडेअठ्ठावीस तास पुरली. त्यातले साडेसात तास सलग दुसऱ्या विमानात, आणि हा टप्पा जड गेला. पायाला सूज आली, घसा कोरडा. आत हवा फारच कोरडी असते आणि दाब दीड-दोन हजार मीटर उंचीच्या डोंगरावर असावा तसा. मी मधल्या वाटेच्या कडेची जागा घेतली होती, दर दोन तासांनी मागच्या पॅन्ट्रीपर्यंत फेरी मारत होते. आईच्या गुडघ्यांना तेवढं जमेल.

हे एवढं लिहितेय त्याला कारण आहे. माझ्या विमानात नऊवारीतल्या एक आजी होत्या, ऐंशीच्या तरी असतील. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवलेली. विमानाच्या दारापासून त्यांना ढकलत नेलं, पासपोर्टच्या रांगेत त्या माझ्या कितीतरी आधी सुटल्या. मी पाऊण तास उभी! बाबा, व्हीलचेअर म्हटलं की तुमचा चेहरा कसा होतो ते मला माहीत आहे. ती गुडघ्यांसाठी नाही, रांगेसाठी समजा.

काका न्यायला आले होते. मला पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न, "बापाशीक खंय ठेवलंस?" कशी आहेस, दमलीस का, काही नाही. घरी पोचलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते आणि परसात अजून ऊन. काकूने माझी बॅग माझ्याआधी उघडली. कोकमाच्या आगळाची बाटली तीन पिशव्यांत बांधूनही थोडी पाझरलीच. माझा एक पांढरा मोजा आता कायमचा गुलाबी. तिने बूच काढून वास घेतला आणि बराच वेळ बूच लावलंच नाही. रात्री डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी केली. बरी झाली होती. काका म्हणाले, "तुझ्या आवशीची सर नाय." काकूने ऐकलं नाही असं दाखवलं. दुधाचं काही इथे आणू देत नाहीत, म्हणून खरवसाच्या वड्या ठेवून आले ते बरंच झालं.

बुद्धिबळाचा पट काकांनी खिडकीपाशी मांडून ठेवलाय. तुमचा फोनवरचा डाव अर्धवट आहे म्हणे, आणि तुमचा घोडा अडचणीत आहे. मला त्यातलं कळत नाही, त्यांनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं.

पासपोर्टचे कागद मोठ्या कपाटात निळ्या फाइलीत आहेत. दादाला फॉर्म भरायला सांगा. आणि आई, तू येशील तेव्हा खोबरं नको. इथे डब्यातलं मिळतं, मी दुकान बघून ठेवलंय.

तुमची,
ताई